बडगीचा वास

थंडी पडली की शहाद्यात कोणाच्या घरी काय शिजतंय ते अख्ख्या गल्लीला कळतं. एरवी गॅसवर होणारं सगळं तेव्हा अंगणात येतं. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, म्हणजे पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवट पांढरी मोठी वांगी टाकायची आणि पदरानं डोळे पुसत बसायचं. याचं मला फार कौतुक आहे असं कोणी समजू नये. मागचे दोन हिवाळे भरिताचा घास माझ्या घशाखाली उतरत नाही. का, ते सांगते, आणि सांगताना स्वतःला झाकणार नाही. जे झाकायचं होतं ते मी त्या वेळीच झाकलं, त्याचंच तर हे सगळं झालं.

मी घरी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत दोन मशिनी आहेत. एकीवर मी बसते, दुसरीवर माझी मैत्रीण. ती सुतारमिस्त्रींची लेक, मुसलमान. दोन गल्ल्या पलीकडे तिच्या वडिलांचं घर आणि घराला लागून लाकडाचं काम करायचं छप्पर. तिचा नवरा धडगावच्या घाटात जीप चालवतो, आठवड्यातले चार दिवस तिकडेच असतो, म्हणून ती लग्नानंतरही वडिलांजवळच राहिली. शिवणाच्या क्लासला आम्ही शेजारी बसायचो. तिथे तिनं माझी उसवलेली बाही माझ्याआधी पाहिली आणि बाईंना दिसू नये म्हणून गुपचूप टाके घालून दिले, तेव्हापासूनची आमची ओळख. तिसरी आमची शेजारीण. तिचे मालक साखर कारखान्यात कामाला, मुलं बाहेरगावी शिकायला, म्हणून बाई दिवसभर आमच्याकडे साड्यांना फॉल लावत बसायची आणि गल्लीतल्या बातम्या पुरवायची.

एक वाजला की मशिनी बंद. अंगणात जिथे ऊन असेल तिथे चटई टाकायची आणि तिघींचे डबे मधोमध उघडायचे. शेजारणीकडून उसाच्या दिवसांत ताजा गूळ यायचा. माझ्याकडची कळण्याची भाकरी, ज्वारीत उडीद घालून दळलेली, ती गरमच खावी लागते म्हणून मी तवा अंगणातच ठेवायची. आणि हिच्या डब्यातला लाल मिरचीचा ठेचा. नंदुरबारची मिरची आणून ती पाट्यावर वाटायची, मिक्सरला हात लावायची नाही. कधी तिचा नवरा डोंगरातून तुरीच्या ओल्या शेंगा आणायचा, त्या मीठ टाकून उकडायच्या आणि सोलता सोलता कोणाच्या सुनेनं काय केलं ते बोलायचं. आम्ही एकमेकींच्या ताटातलं उचलून खायचो. शेजारीण खायची का, हे मी नीट पाहिलं नव्हतं. ती हिच्या डब्यातलं घ्यायची, पण घेतलेलं ताटाच्या कडेला ठेवायची. आज आठवलं की दिसतं. तेव्हा मला दिसत नव्हतं, की मी बघत नव्हते, ते खंडोबालाच ठाऊक.

आता बडगी. ज्यांच्याकडे नसते त्यांच्यासाठी सांगते: लाकडाचं खोलगट जाड भांडं, त्यात भाजून सोललेली वांगी घालायची आणि लाकडी मुसळानं घोटायची. मिरची, लसूण, कांद्याची पात त्यातच. स्टीलच्या पातेल्यात केलेल्या भरिताला ती चव येत नाही, हे खानदेशात लहान पोरही सांगेल. माझी बडगी तिच्या वडिलांनी घडवलेली होती. सागाचा एकच ठोकळा घेऊन वाकसानं, सुताराच्या तासायच्या हत्यारानं, आतून कोरलेला, कुठे जोड नाही. शहाद्यात आणि आसपासच्या खेड्यांत निम्म्या घरांत त्यांच्याच हातच्या बडग्या. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या गावी त्यांच्या ओट्यावर आहे तीसुद्धा त्यांचीच.

घोटायचं काम मात्र हिचं. मी मुसळ हातात घेतलं की ती काढून घ्यायची.

"तुन्हा हातमा जोर नही, नुसतं तोंडमा शे," म्हणायची.

खरंच होतं ते. तिचा हात असा बसायचा की वांग्याचे धागे मोडायचे पण लगदा व्हायचा नाही. सहा हिवाळे आमच्या घरातलं भरीत तिच्या हातचं होतं.

आमच्या घरी चातुर्मासात वांगं बंद असतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मगच आम्ही वांगं खायचं. नैवेद्याचं भरीत त्याच बडगीतलं. ते मी घोटायची, कारण त्या दिवशी शिवणकामाला सुट्टी असायची आणि ती यायची नाही. एवढंच कारण होतं, बाकी सोवळंओवळं माझ्या डोक्यातही नव्हतं. हिवाळाभर तिनं ज्यात घोटलं त्याच बडगीतलं देव सहा वर्षं जेवला आणि काही बिघडलं नाही.

त्या वर्षी एका लग्नाचे ब्लाऊज द्यायचे राहिले होते, म्हणून ती चंपाषष्ठीला सकाळीच आली. मी अंगणात वांगी सोलत होते आणि माझं बोट चांगलंच भाजलं होतं. तिनं पिशवी ठेवली, हात धुतले, बडगी पुढे ओढली आणि बसली घोटायला. मी नको म्हणाले नाही. कशाला म्हणेन? उलट बरं वाटलं.

तेवढ्यात मोठ्या जाऊबाई गावाहून आल्या. दारातच थांबल्या. ती कोण, कोणाची, हे त्यांना माहीत होतं. एक क्षण पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "हात चांगला शे माय तुन्हा." ती लाजली. घोटून झाल्यावर ब्लाऊज घेऊन मशीनवर गेली, काजं-बटणं केली, आणि जाताना मला सांगून गेली की मन्हं भरीत ठेव, संध्याकाळी पोरगी घेऊन जाईल.

ती फाटकाबाहेर पडली आणि जाऊबाईंचा चेहरा बदलला.

"हाई भरीत देवले चालाव नही," त्या म्हणाल्या. "नवी वांगी आन. पातेलामा कर."

मी म्हणाले, ती नेहमीच करते. हे म्हणायला नको होतं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग बडगीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पितळ ऱ्हातं तर राख लाई घासतूत. लाकूडले काय करशी? लाकूड पी लेस." लागलेला हात लाकडात मुरतो, असं त्यांचं म्हणणं.

इथे मी भांडायला हवं होतं. भांडायला मी कोणाला भीत नाही. गल्लीत पाण्याच्या नळावरून मी बाप्यांना गप्प केलंय, कापड कमी भरलं म्हणून दुकानदाराच्या गल्ल्यासमोर तासभर उभी राहिलेय. पण त्या दिवशी मी खाली बघून वांग्याची सालं गोळा करत राहिले. घर जाऊबाईंनी सांभाळलेलं, माझं बाळंतपण त्यांनी केलेलं, देवाचं काम, पाहुणे यायची वेळ, अशी हजार कारणं मी स्वतःला नंतर दिली. नवरा दाराआड उभा राहून सगळं ऐकत होता. जाऊबाई आत गेल्यावर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, खंडोबाला तर मुसलमानही मानतात. मी म्हटलं, जा, हेच त्यांना सांग जा. तो चपला घालून बाहेर निघून गेला.

आणि मी काय केलं? शहाणपणा केला. बडगी फेकू नका, म्हणाले, मी ती आतून खरवडून आणते, वरचा थर गेला की लाकूड कोरं. जाऊबाईंना पटलं. मला वाटलं, वा, किती सांभाळून घेतलं मी, कोणी दुखावलं नाही, बडगीही वाचली. स्वतःच्या अकलेवर मी खूश होते, हे लिहिताना मला आज शिसारी येते.

नवं भरीत पातेल्यात केलं. आधीचं, तिनं घोटलेलं, ते घरात कोणी खायचं नव्हतं. टाकून द्यायला माझा हात होईना. संध्याकाळी तिची मुलगी डबा घेऊन आली तेव्हा मी सगळंच्या सगळं भरीत तिला दिलं, मोठं पातेलं भरून. रात्री तिचा फोन आला. "इतलं कसाले धाडं वं?" आवाजात आनंद मावत नव्हता. सगळ्या गल्लीला वाटलं म्हणाली, सगळे म्हणत होते तुझी मैत्रीण मनानं मोठी आहे. मी म्हणाले, खा गं, देवाचं आहे.

बडगी खरवडायची तर न्यायची कुठे? तसं काम करणारा शहाद्यात एकच माणूस. मी दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी तिला मशीनवर बसवलं, शाळेच्या गणवेशांच्या पंचवीस पँटी शिवायला तिच्यापुढे टाकल्या, म्हणजे ती उठणार नाही, आणि बाजारात जाऊन येते सांगून पिशवीत बडगी घालून तिच्याच घरी गेले.

चाचा, म्हणजे तिचे वडील, छपराखाली खाटेचे पाय तासत होते. सत्तरी ओलांडलेले, डोळ्यांना जाड चष्मा, कानाच्या मागे पेन्सिल. मला बघून त्यांनी लगेच नातीला चहा सांगितला. मी बडगी पुढे ठेवली.

"काय व्हयनं बेटी?"

"चाचा, वास येस हिले. भरीतनी चव बिघडस. आतून जराशी खरवडी द्या."

त्यांनी बडगी उचलली, तोंड आत घालून वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग उठून उन्हात गेले, आत थोडं पाणी शिंपडलं, अंगठ्यानं चोळलं, ऊन लागू दिलं आणि परत वास घेतला. ओलं लाकूड तापलं की वास वर येतो, म्हणाले.

"माले तर येत नही," ते म्हणाले. "पण नाकबी आते म्हातारं व्हई गयं. तू म्हनस तर व्हई."

मी त्यांचा चहा प्यायले. त्यांच्या कपात, त्यांच्या घरी, बिस्किट बुडवून. पटाशीनं ते आतला एक एक पापुद्रा काढत होते आणि मी समोर बसून फुंकर मारत चहा पीत होते. चहाचं काही वाटलं नाही मला. मग पॉलिश पेपर मारून, तेलाचं बोट फिरवून, फडक्यात गुंडाळून बडगी त्यांनी माझ्या हातात दिली. आतून ती नव्यासारखी पिवळी दिसत होती. जाऊबाईंना फोन करून सांगितलं, झालं काम. कोणी केलं, ते त्यांनी विचारलं नाही. नव्या लाकडाला चाचांचे हात चालत होते.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. मशीनवर बसली, पण पायडल मारलं नाही. शेजारीण अजून यायची होती.

"काल बडगी लई गयी व्हती तू अब्बाकडे?"

"हां. वास येत व्हता."

"कसाना वास? चंपाषष्ठीले तर मीच घोटं."

मी दोरा ओवायला लागले. सुईच्या नेढ्यात तो जाईना. ती बघत राहिली आणि तिला एकेक करून सगळं कळत गेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

"तुन्ही जाऊबाईनी सांगं?"

मी मान डोलावली.

"मंग ते भरीत बी त्यानाकरताच धाडं?"

मी दोऱ्याचं टोक पुन्हा ओलं केलं.

ती रडली असती तर मी पाया पडले असते. चिडली असती तर ऐकून घेतलं असतं. ती फक्त म्हणाली, "माले सांगती ना, तर मीच मुसळ खाले ठी देती. माले काय नवं शे का ते? पण अब्बाले कसाले हुंगाले लावं?"

मला तेव्हा तो प्रश्न नीट कळला नाही. मी आपली माफी मागत सुटले, जाऊबाईंना नावं ठेवली, देवाला नावं ठेवली. तिनं हात वर करून थांबवलं. अब्बा रात्रभर झोपले नाहीत, म्हणाली. ते म्हणताहेत, चाळीस वर्षांत कोणी माझ्या लाकडाला वास येतो म्हणालं नव्हतं. आता त्यांना वाटतंय की तुझी बडगी घडवली त्या साली लाकूड नीट वाळायच्या आधीच कापलं. त्याच ओंडक्यातून आणखी पाच-सहा बडग्या निघाल्या होत्या, त्या कोणाकडे गेल्या ते आठवत बसलेत.

"मी येऊन सांगते त्यांना खरं," मी म्हणाले.

"काय सांगशी?" ती म्हणाली. "तुमनी पोरगीना हात लागना म्हणून? नको. खोटं बोलनी ना, आते तेच खरं ऱ्हाऊ दे."

मग तिनं मशीन चालू केलं. एक वाजला तेव्हा उठली, घरी जेवून येते म्हणाली. त्या दिवसापासून ती रोज घरी जाऊन जेवते. वीस मिनिटांत परत येते, पानही लावून आणते आमच्यासाठी. काम तेवढंच, बोलणंही जवळजवळ तेवढंच. शेजारणीनं विचारलं, हिला काय झालं? आणि मी काही सांगायच्या आत स्वतःच म्हणाली, बरंच आहे म्हणा, डब्याची अडचण व्हायची. त्या दिवशी मी तिला फॉलचं काम दिलं नाही. पण हे म्हणजे स्वतःवरचा राग दुसरीवर काढणं झालं.

पुढच्या पंधरा दिवसांत चाचा घरोघर फिरले. कुठे कुठे गेले ते मला शेजारणीकडून कळायचं. आज तेलीबाईंकडे आले होते मिस्त्री, बडगी मागितली आणि हुंगून गेले. आज कारखान्याच्या वसाहतीत दिसले. एसटीनं तीन खेडी करून आले म्हणे. लोक हसत होते, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणत होते. शेजारीण त्यांची नक्कल करायची, नाक बडगीत घालून. सगळ्या घरी ते एकच विचारायचे: वास तर येत नाही ना? आणि नाही म्हटलं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही, परत स्वतः घेऊन उन्हात जायचे. जाऊबाईंच्या गावालाही गेले. जाऊबाईंनी त्यांना ओट्यावर बसवून आपली बडगी दाखवली आणि मला फोनवर म्हणाल्या, बिचारा भला माणूस आहे.

मी किती वेळा त्यांच्या छपराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. सांगावं तर लेकीचा शब्द मोडतो, आणि त्यांना कळेल की चाळीस वर्षं ज्या घरांत त्यांनी भांडी दिली त्या घरांत आपल्या पोरीच्या हाताची काय किंमत आहे. न सांगावं तर म्हातारा आपल्या हाताला दोष देत फिरतोय. दोन्हीकडून मीच दोषी होते, आणि दोन्हीकडून सोसत मात्र ती दोघं होती.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी ते माझ्या दारात आले. लेक सोबत होती, त्यांचा हात धरून. दुसऱ्या हाताखाली फडक्यात गुंडाळलेली नवी बडगी. आता त्यांच्यानं वाकस उचलवत नाही, हे मला माहीत होतं. ती नंतर म्हणाली, रोज थोडी थोडी कोरत होते.

खुर्ची दिली तर बसले नाहीत. फडकं सोडलं आणि बडगी माझ्या हातात ठेवली.

"वास घी देख," म्हणाले.

मी तोंड आत घातलं. सागाचा आणि तेलाचा वास होता, बाकी काही नाही. वर पाहिलं तर ती त्यांच्या मागे उभी होती आणि माझ्याकडे एकटक बघत होती. एक शब्द जास्त बोलशील तर बघ, एवढंच त्या नजरेत होतं.

"नही शे चाचा. काहीच वास नही."

त्यांनी डोळे मिटले. चष्मा काढून कुडत्याला पुसला. मग दोन्ही हात जोडले. मी धरायला गेले तोवर जोडून झाले होते.

"ते लाकूड मन्ही चूक व्हती बेटी. ओलं कापं मी. देवनं काम ऱ्हास तुमनं, आनी मी असं भांडं दिधं. माफ कर माले."

ते हात तसेच जोडून उभे होते, आणि मी काही बोलल्याशिवाय खाली घेणार नव्हते.

"जाऊ द्या चाचा," मी म्हणाले. "व्हस असं कधी कधी."